उत्तम किशन वगैरे

नातीच्या व्याकरणाच्या पुस्तकात अनेकवचनाचा धडा आहे. घोडा-घोडे, नदी-नद्या, फूल-फुले. परवा ती मोठ्यानं पाठ करत होती, मी शेजारी बसून शेपू निवडत होते. ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या खात्यात अनेकवचन करायची याहून सोपी रीत होती. नाव एकाचंच लिहायचं आणि पुढं ‘वगैरे’ लावायचं. एकाचे दहा झाले. नात म्हणाली, आजी, हे पुस्तकात नाही. नाहीच ते पुस्तकात. ते सातबाऱ्यात असतं, आणि तिथं ते घातलं कुणी, तर माझ्यासारख्या तलाठ्यांनी.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. ‘हलकंफुलकं लिहा मॅडम’ असं फोनवर दोनदा बजावलं. गमतीजमती माझ्याकडं पोतंभर आहेत, त्यातल्या एक-दोन सांगतेही. पण लिहायला बसलं की एकच बाई डोळ्यांपुढं येऊन बसते आणि दुसरं काही सुचू देत नाही. निवृत्त झाल्यापासून हेच चाललंय. दुपारी आडवं झालं तरी डोळा लागत नाही, उठून उगाच कपाट आवरत बसते. म्हणून ते एकदाचं लिहूनच टाकते. माणसांची नावं बदललीत. गावाचं नाव सांगत नाही, तालुकाही विचारू नका. नांदेड जिल्हा, तेलंगणाच्या अंगाला, एवढ्यावर भागवा.

ज्यांचा कचेरीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. तलाठी म्हणजे चार-पाच गावांच्या जमिनींचं दप्तर सांभाळणारा माणूस. हल्ली सरकारनं पदाला मोठं भारदस्त नाव दिलंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. कुठली जमीन कुणाच्या नावावर आहे ते ज्या कागदावर असतं, तो सातबारा. माणूस वारला, जमीन विकली, वाटणी झाली, की आधी एका वेगळ्या वहीत नोंद करायची. तिला फेरफार म्हणतात. फेरफारात वारसांची नावं लिहायची आणि तिथून ती सातबाऱ्यावर घ्यायची. आता हे सगळं संगणकावर आहे. मी नोकरीला लागले तेव्हा सगळं हातानं होतं. दहाएक वर्षांनी सातबाऱ्याच्या वह्या भरायच्या, मग कोऱ्या वह्या यायच्या आणि जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून काढायचं. याला पुनर्लेखन म्हणायचे. मुदत ठरलेली असायची, वरून साहेबांचे निरोपावर निरोप, आणि सज्जात, म्हणजे माझ्या ताब्यातल्या गावांत, लिहिणारी मी एकटी.

पहिल्या पुनर्लेखनाला मी नवी होते, विशीतली. लातूरकडची पोरगी, पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेली. मनगट सुजून हातात कप धरवत नव्हता, पण अक्षर मात्र मोत्याचं काढायचं असा माझा हट्ट. नावांचा रकाना दोन बोटं रुंद. त्यात कुणाच्या सहा पोरांची नावं, कुणाच्या दोन बायकांची, कुणाच्या मेलेल्या भावाच्या लेकरांची. मी आपली बारीक अक्षरात सगळी बसवत होते. माझ्या आधी त्या सज्जावर शिवअप्पा म्हणून तलाठी होते, उदगीरचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, स्वभावानं अगदी लोण्यासारखे. मला शिकवायला म्हणून ते मुद्दाम दोन दिवस राहिले. माझी वही बघून त्यांना हसूच आलं. म्हणाले, “पोरी, अख्खं खानदान मांडत बसलीस तर हितंच म्हातारी होशील. थोरल्याचं नाव लिही आणि वगैरे लाव. गावाला ठाऊक असतंय कोण कोण ते.”

आणि खरंच गावाला ठाऊक असायचं. त्यात लबाडी नव्हती, निदान मला तरी तेव्हा वाटली नाही. शब्दही आमचा जुनाच, निजामाच्या वेळेपासून कागदावर चालत आलेला. पुढं मला त्याची सवय झाली. सवय कसली, चटकच लागली. आधी दहा नावांना लावायची, मग पाचांना, मग दोघांना सुद्धा. काम भराभर उरकायचं. त्या वर्षी माझ्या वह्या तालुक्यात सगळ्यांच्या आधी पुऱ्या झाल्या आणि साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी ते घरी पत्रात लिहून कळवलं होतं.

या शब्दाचा वापर कसा करायचा हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे तलाठी तो एकाच पद्धतीनं करायचे. पुढचं नाव नेहमी थोरल्या पुरुषाचं. त्याच्यामागं धाकटे भाऊ, मग विधवा आई, मग बहिणी. कालांतरानं विसर पडायचा तो शेवटाकडून. धाकटे भाऊ भांडून का होईना स्वतःचं नाव काढून घ्यायचे. आईचं आणि बहिणींचं कोण काढणार? मी स्वतः बाई असून हे माझ्या ध्यानात यायला माझी निम्मी नोकरी गेली.

आता गंमत सांगते, संपादकांना वाईट नको वाटायला. एका गावात पाच भाऊ होते, एकमेकांचं तोंड न बघणारे. त्यांच्या विहिरीच्या चौकशीची नोटीस निघाली, वर नाव ‘नारायण वगैरे’. थोरला नारायण म्हणाला, मी एकटा कामून घेऊ, वगैरेला द्या. मी दुसऱ्याकडं गेले. तो म्हणाला, माझं नाव कुठाय त्यात? माझं नाव आल्याशिवाय मी सही करत न्हाई. तिसरा म्हणाला, मी वगैरे न्हाई, मी विठ्ठल हाय. चौथ्यानं घरात असून नाही म्हणून सांगितलं. पाचव्याच्या बायकोनं मला पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि गोड बोलून नोटीस परत पिशवीत घालून दिली. उन्हातान्हात अख्खा गाव फिरून ती नोटीस माझ्याकडंच राहिली.

नंतर संगणकाचं काम सुरू झालं तेव्हा तर कहरच झाला. पडद्यावर नावाला तीन घरं होती. स्वतःचं, बापाचं, आणि आडनावाचं. माहिती भरणाऱ्यानं आमच्या वह्या बघून तिसऱ्या घरात सरळ ‘वगैरे’ टाकलं. निम्म्या गावाचं आडनाव वगैरे झालं. एक म्हातारबाबा छापील कागद घेऊन माझ्याकडं आले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, आमी पवार हाव. वगैरे कवा झालो?” त्या दिवशी मी हसले. पुढं हसू आलं नाही, कारण वरून हुकूम आला की संगणकात ‘वगैरे’ चालणार नाही. प्रत्येक वगैरे उघडायचा. आत कोण कोण आहे, त्याची पुरी नावं घालायची. ज्याचं नाव आत जाईल त्याची जमीन, ज्याचं राहील त्याचं राहिलं.

माझ्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. मी खूप ठिकाणी बदल्या भोगून, हिमायतनगरकडं काही वर्षं काढून, योगायोगानं पुन्हा त्याच पहिल्या सज्जावर आले होते. म्हणजे वगैरे लिहिणारी मी आणि ते उघडणारीही मीच. जुनी फेरफाराची वही मिळाली की काम सोपं असायचं, वारसांची नावं तिथं सापडायची. जिथं वही फाटलेली, वाळवी लागलेली, तिथं पंचाईत.

नावं घातली की चावडी वाचन करायचं. म्हणजे गावकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या ओसरीत बोलवायचं आणि एकेक खातं मोठ्यानं वाचायचं. कुणाला काही चूक वाटली तर त्यानं तिथंच हरकत सांगायची. गावाला हा मोठा करमणुकीचा कार्यक्रम वाटायचा. पुरुष पुढं सतरंजीवर, बाया मागं भिंतीला टेकून, कुणीतरी चहा फिरवतंय.

त्या दिवशी मी वाचलं, ‘उत्तम किशन वगैरे’, माळाची साडेतीन एकर. उत्तम पुढंच बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, नांदेडला सरकारी नोकरीत, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. घर आमच्याच समाजातलं, बौद्धांचं, त्यामुळं मला येता-जाता जयभीम घालायचा. त्यानं उठून कागद दिला, त्यात लिहिलं होतं, वगैरेमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ गौतम, बाकी कुणी नाही. धाकटा पुण्यात होता, त्याचीही सही आणली होती. मी तो कागद फायलीला लावणार, एवढ्यात मागं भिंतीपाशी एक बाई उभी राहिली. कळकट निळं लुगडं, हातात खुरपं तसंच, रानातून थेट आलेली. “अन् मी?” एवढंच म्हणाली.

ती वच्छला, उत्तमची सख्खी बहीण. लग्न होऊन वर्ष-दीड वर्षात नवऱ्यानं टाकलेली. तेव्हापासून माहेरी, आणि आईमागून बापही गेल्यावर त्याच साडेतीन एकरांत पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी. पेरणी तीच करायची, खुरपण तीच, सोयाबीनचं पोतं बाजारात तीच न्यायची. भाऊ सणाला यायचे, तूर घेऊन जायचे. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं, कारण माळाला कुणी विचारत नव्हतं. आता शेजारून मोठा रस्ता झाला होता आणि पेट्रोल पंपासाठी एक गिऱ्हाईक उत्तमच्या मागं लागलं होतं. सातबाऱ्यावर दोनच भावांची नावं आली की जमीन विकली जाणार, आणि वच्छलाची खोली तिच्यासकट रस्त्यावर येणार.

उत्तम हलक्या आवाजात म्हणाला, अक्का, घरी बोलू. ती म्हणाली, “घरी लई बोललो. हितं बोल.” मी हरकत लिहून घेतली, तिचा अंगठा घेतला आणि पुढचं खातं वाचायला लागले. माझा आवाज नेहमीसारखाच होता. तो वगैरे मात्र माझ्या हातचा होता. ते मोत्याचं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं.

इथं कायद्याचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बापाच्या जमिनीत लेकीचा हक्क असतोच. पण तो मिळवायच्या वाटा दोन. बाप वारला तेव्हाच्या नोंदीत तिचं नाव असेल आणि उतरवून काढताना ते राहिलं असेल, तर ती नुसती लिहिणाऱ्याची चूक. तहसीलदार चौकशी करून दुरुस्ती करतात, दोन-तीन महिन्यांत नाव लागतं. आणि मुळातच नाव घातलं नसेल, तर दिवाणी कोर्ट. वकील, तारखा, दहा-पंधरा वर्षं. वच्छलाकडं यातलं काहीही नव्हतं, आणि तोवर माळावर पंप उभा राहिला असता. म्हणजे सगळं एका जुन्या पानावर येऊन थांबलं होतं. बाप वारला तेव्हाच्या नोंदीत तिचं नाव होतं की नव्हतं?

मी पान शोधायला लागले. फेरफाराच्या त्या वहीचा जुन्या चावडीच्या पत्र्याच्या गळतीत भिजून लगदा झाला होता, पानं सुटी करायला गेलं की तुकडेच हातात यायचे. राहिली पुनर्लेखनाच्या आधीची जुनी सातबाऱ्याची वही. ती तालुक्याला कागदपत्रांच्या खोलीत असायला हवी होती. रोज दुपारी तिथं जाऊन मी लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे सोडून बघत बसायची. नाकातोंडात धूळ, दम्याचा त्रास सुरू झाला, घरून नवरा फोनवर ओरडायचा की आठ महिने राहिलेत, गप बसवत नाही का तुला? नाहीच बसवत होतं. त्या गावाच्या पुढची वही सापडली, मागची सापडली, तीच तेवढी नाही. शिवअप्पा वारून कितीतरी वर्षं झाली होती. ते पान शेवटचं डोळ्यांनी पाहणारं माणूस म्हणजे मी.

आणि मला आठवत नव्हतं. रोज सकाळी उठले की मी ते पान डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करायची. किशन वारला, वारस म्हणून उत्तम, गौतम, आणि? तिसरी ओळ होती की नव्हती? तिसरी ओळ असल्याशिवाय मी वगैरे कशाला लावीन, असं म्हणून मन समजावायची. लगेच आठवायचं की नाही बाई, तू दोघांना सुद्धा लावायचीस. स्वयंपाक करताना, एसटीत बसल्यावर, सगळीकडं हेच. भाजीत दोनदा मीठ पडायचं.

वच्छला दर आठवड्याला कचेरीत यायची. काही विचारायची नाही. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची, मी बाहेर आले की उभी राहायची, मी मान हलवली की परत जायची. तिचं ते न बोलता उभं राहणं मला सहन होईना. एकदा मी तिच्यावर खेकसलेच. म्हटलं, भावाशी जुळवून घे, तेवढी खोली आणि पाच-दहा गुंठे मागून घे. तिनं पिशवी उचलली. “मागून घेऊ? मपलंच?” म्हणाली. मी आत जाऊन उगाच कागद चाळत बसले. एका तलाठ्यानं हे बोलावं, आणि तेही बाईनं, याची लाज मला अजून वाटते.

मग माझा सगळा राग उत्तमवर निघाला. तो सहीला आला होता तेव्हा मी त्याला घरातलं माणूस असल्यासारखं धरलं. म्हटलं, भिंतीवर ज्यांचा फोटो लावलास त्यांच्याकडं बघून सांग, बहिणीला जमिनीत वाटा नाही असं. त्यांनी कुणासाठी कायदा लिहायला घेतला होता, तुला शिकवायला पाहिजे का? तो चिडला नाही. खुर्चीवर नीट बसला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या माहेरचा सातबारा काढा. त्यात तुमचं नाव दाखवा. मग मला बोला.”

माझं नाव नव्हतं. वडील गेल्यावर भावांनी कागद पुढं केला आणि मी हसत हसत हक्कसोड करून दिली होती. वर भावांनी घेतलेली जरीची साडी नेसून सगळ्यांना दाखवत फिरले होते. मला पगार आहे, मला काय करायचीय जमीन, असं म्हटलं होतं. उत्तमला ते माहीत असायचं कारण नाही, त्यानं नुसता अंदाज केला होता आणि तो बरोबर होता. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

चौकशीची तारीख आली. तहसीलदार तरुण होते, नवीन लागलेले, सरळ माणूस. उत्तमच्या बाजूनं वकील, वच्छला एकटी, दाराशी उभी. वकिलांनी सांगितलं की जुन्या नोंदीत दोनच नावं होती. तहसीलदारांनी उत्तमला विचारलं, तो हो म्हणाला. मग त्यांनी माझी जुनी वही उघडली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, ही नोंद तुमच्या हातची. मूळ पान शेवटचं तुम्ही पाहिलेलं. आत कोणाकोणाची नावं होती, ते तुम्हीच सांगू शकता.”

मला आठवत नाही, हे खरं उत्तर होतं. ते मी घोकून आले होते. मला आठवत नाही म्हटलं की माझ्यावर काही येत नव्हतं, वयाच्या मानानं ते शोभलंही असतं. वच्छला दिवाणीत गेली असती आणि मी निवृत्तीचा हार घालून लातूरला. मी तोंड उघडलं आणि बोलले ते भलतंच. म्हणाले, तीन नावं होती साहेब. उत्तम किशन, गौतम किशन, वच्छला किशन. तिसरं नाव शेवटच्या ओळीत होतं. रकान्यात जागा पुरेना म्हणून मी वगैरे लिहिलं. चूक माझी आहे.

वकील उठले, आरडाओरडा झाला. मी तेच पुन्हा सांगितलं, जबाबावर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, हे मला नंतर जास्त लागलं. खोटं बोलत होते असंही ठामपणे म्हणता येत नाही, कारण नाव खरंच असूही शकलं असतं. पण मी पाहिलं होतं असं सांगितलं, आणि ते मला माहीत नव्हतं. जन्मभर खरी नक्कल म्हणून शिक्के मारलेल्या हातानं मी हे केलं.

लेखनातली चूक म्हणून दुरुस्तीचा हुकूम झाला. मला निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. सहकारी म्हणाले, जाता जाता कशाला अंगावर घेतलंत? उत्तम मला बाहेर जिन्यावर भेटला. तुम्हाला नक्की दिसलं होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला आणि खाली उतरून गेला. त्यानं वरच्या साहेबांकडं अपील केलं नाही. का केलं नाही, याचा मला तेव्हा काहीच उलगडा झाला नाही. कदाचित फोटोचं बोलणं लागलं असेल, अशी मी माझी समजूत घातली.

निवृत्त होऊन मी लातूरला घरी आले. वर्षभरानं एका सकाळी वच्छला दारात उभी. दोन एसट्या बदलून, पत्ता विचारत विचारत आली होती. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला सातबारा काढून तिनं माझ्यापुढं धरला आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ झाली होती. तिला हिश्शाचं रान वाटून मिळालं होतं, खोलीसकट. पंपवाल्यानं दुसरी जागा बघितली होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिला शिरा करून घातला.

खाऊन झाल्यावर तिनं कागदाची परत नीट घडी केली आणि म्हणाली, “बाई, माझं नाव तिथं नव्हतंच.”

मला वाटलं, कळलं नसेल तिला. मी समजावायला लागले तर तिनं हातानं थांबवलं. “बापू गेला तवा तलाठी घरला आले हुते. मी आत भाकरी करून राहिले हुते. थोरला म्हनला, हिचं नाव नगं, हिला दिलंय तिच्या घरी. तलाठी बरं म्हनले. दोनच नावं लिवली. म्या आतून ऐकलं.”

म्हणजे उत्तमला माहीत होतं. जिन्यावर माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला तेव्हा त्याला माहीत होतं की ही बाई खोटं बोलली, आणि तरी तो गप्प बसला. आणि दाराशी उभ्या असलेल्या वच्छलालाही माहीत होतं. त्या खोलीत खरं काय ते न जाणणारी मीच होते, आणि जबाब माझा धरला गेला. मी तिला विचारलं, मग तू तिथं बोलली का नाहीस?

ती म्हणाली, “मला कुनी इचारलंच न्हाई. साहेबानं थोरल्याला इचारलं, तुमाला इचारलं.”

खरं होतं ते. चावडीवर मी तिचा अंगठा घेतला, बाकावर तिला कितीतरी वेळा बसलेलं पाहिलं, धुळीत गठ्ठे उपसले, शिवअप्पांच्या नावानं हळहळले. बाप गेला त्या दिवशी घरात काय झालं, हे घरातल्या बाईला विचारावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मी घाबरत घाबरत विचारलं, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?

“हाय ते सांगितलं असतं,” ती म्हणाली. “मला न्हाई येत खोटं बोलाया. तुमाला आलं, बरं झालं.”

टोमणा नव्हता तो. ती मनापासून आभार मानत होती, आणि मला तिच्याकडं बघवेना.